घूं कुठून येते

आमच्या ह्यांचा कान फार तिखट. शेजारी कुणी भिंत फोडत असलं तरी हे खुशाल घोरतील, पण मोरीतला नळ थेंब थेंब गळायला लागला की उठून बसतील. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ह्यांचं, एका जिन्याखाली. दुकान कसलं, कपाटच ते! गिऱ्हाईक आत आलं की ह्यांना बाहेर उभं राहावं लागतं. तरी लोक लांबून येतात, कारण कॉम्प्युटरमधून येणारा नको तो आवाज शोधण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नाही. बाजारात ह्यांना 'आवाजवाले' म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, गाण्याबिण्यातला माणूस आहे की काय.

ह्यांची शोधायची पद्धत बघितलीत तर हसाल. जाड कागदाची सुरळी करायची, एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात एकेका भागाजवळ फिरवायचं. बहुतेक वेळा चोर सापडतो एसएमपीएसमध्ये. म्हणजे मागच्या बाजूची ती पत्र्याची पेटी. भिंतीतली वीज घेते आणि यंत्राला पचेल अशी करून पुढे देते. तिच्यातली तारेची वेटोळी किणकिणतात, नाहीतर एखादा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी डबी, फुगून बसतो. हे बोट दाखवून म्हणतात, "हा बघा, हा रडतोय." गिऱ्हाईक खूश. घरी मी रडले तरी ह्यांना ऐकू येत नाही, ते सोडा.

विजेचा नाद वडिलांकडून आलेला. मामंजी वायरमन. अर्ध्या वस्तीचं वायरिंग त्यांच्या हातचं, आणि आमच्या घरातला तर एकेक बोर्ड त्यांनीच भरलेला. शिडीवर चढून खालच्या माणसाला ओरडून सांगायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी चार घरांना कळायचं. सासूबाईंची दृष्टी गेली आणि त्यांचं बोलणं आणखी वाढलं. "डावीकडे खुर्ची आहे. चहा समोर ठेवलाय, कपाचा कान उजव्या हाताला." पेपर वाचून दाखवायचे. खिडकीत उभं राहून समोरच्या नवरा-बायकोचं भांडण सांगायचे, त्यात पदरचं तिखटमीठ घालायचे. "आता तिने उशी उचलली... फेकली! अरे वा, नेम चांगला आहे!" सासूबाई हसून हसून पदर तोंडाला लावायच्या. मला म्हणायच्या, "डोळे गेले त्याचं एवढं नाही गं. हे गप्प बसले की मात्र मला अंधार."

आणि नेमका तोच घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या आणि त्यांनी सांगितलं की स्वरपेटी काढावी लागेल. मामंजी नुसते "बरं" म्हणाले. बाहेर बाकावर आल्यावर मला म्हणाले, "माझं काय, मी पाटीवर लिहीन. पण ती हिला वाचून कोण दाखवणार?"  

मार्ग हॉस्पिटलमधल्याच एका बाईंनी सुचवला. घसा गेलेल्यांना बोलायला मदत करायचं त्यांचं काम. म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी मामंजींच्या आवाजात भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून द्या. मग पुढे ते जे टाइप करतील ते कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलेल. फक्त मागे घूं, खरखर, काही नको; नाहीतर ती घूंसुद्धा आवाजात बसते. हे ताडकन म्हणाले, "त्याची काळजी सोडा. माझा धंदाच तो आहे." बाई हसल्या. मलाही, खरं सांगते, अभिमान वाटला.

घरी आल्या आल्या सासूबाईंना सांगितलं. त्या दोनदा विचारून खात्री करून घेत होत्या, "ह्यांचाच आवाज ना? यंत्राचा नाही ना?" हे म्हणाले, "आई, अण्णांचाच. तुला फरक कळणार नाही."

मागच्या खोलीत टेबल मांडलं, कॉम्प्युटर ठेवला, भिंतीला गाद्या उभ्या केल्या. चांगला माइक आणला. मामंजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. फोटो काढायचा होता जसा काही! हे म्हणाले, "अण्णा, बोला, एक दोन तीन." मामंजी बोलले. ह्यांनी हेडफोनवर ऐकलं आणि चेहरा पडला. आवाजामागे घूं होती. बारीक, पण होती.

"अण्णा, दहा मिनिटं द्या," हे म्हणाले. ती दहा मिनिटं कुठवर ताणली गेली ते काय सांगू! एसएमपीएस बदलला, घूं तशीच. दुकानातून महागातला आणला, घूं तशीच, वर माउस हलवला की चिर्रर् असा नवाच आवाज. माइकची वायर बदलली. ट्यूबलाइट काढली, फ्रीज बंद केला, पंखा बंद केला. आम्ही घामाघूम, दूध नासलं, घूं जागेवर. तोच कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला तर तिथे घूं चिडीचूप! पण दुकानाशेजारी पत्रा कापतात, तिथे माणसाचा आवाज काय भरणार? घरी आणला की पुन्हा घूं. लॅपटॉप बॅटरीवर लावून पाहिला. घूं गेली, तर त्याच्या पंख्याची फरफर आली. ह्यांना फरफरही चालेना.

मी म्हटलं, "अहो, मोबाइलवर करा की! सगळं जग करतं."

"मोबाइल आवाज चिरडतो. कायमचं काम आहे, अर्धवट करणार नाही."

"मग तो भिंतीतला बोर्ड तरी उघडून बघा. दुकानात येत नाही आणि इथे येते, म्हणजे घरातलंच काहीतरी असेल ना?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी काही अभद्र बोलले. "तो बोर्ड अण्णांनी भरलाय."

झालं, विषय संपला. मी मामंजींकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना, मोबाइलवर उरका म्हणून. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तो शोधतोय ना? मग सापडणार. त्याच्या कामात मी बोलायचं नाही." घ्या! बाप मुलावर शंका घेईना आणि मुलगा बापाच्या बोर्डावर. दोघांच्या मध्ये मी हात चोळत बसले. तेव्हा मी हट्ट का नाही केला, असं माहेरचे विचारतात. अहो, दोन माणसं एकमेकांवर इतका विश्वास ठेवून बसलेली असताना तिसऱ्याने काय डोकं फोडायचं?

रोज तेच. मामंजी येऊन बसायचे, "एक दोन तीन" म्हणायचे, हे ऐकायचे, मान हलवायचे आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाकायचे. ही ह्यांची धंद्यातली शिस्त. चाचणीचा कचरा ठेवला तर आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, गोंधळ होतो म्हणे. आवाज दिवसेंदिवस खाली चालला होता. म्हणून मग हेच म्हणाले, "अण्णा, बाकी वेळ बोलू नका, आवाज राखून ठेवा." मामंजींनी बोलणं बंद केलं. सासूबाई चहाचा कप चाचपडायच्या, मी धावत जाऊन हातात द्यायचे. त्या म्हणायच्या, "थोडेच दिवस. मग बोलायचेच आहेत."

आणि एका सकाळी मामंजींना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि सांगितलं, आता थांबता येणार नाही, ऑपरेशन लगेच करू. ह्यांनी सही केली. "जरा बोलू द्या ना त्यांना," हे म्हणत होते, "मोबाइलवर... मोबाइलवर करतो." नळी घातलेल्या माणसाला कोण बोलू देणार? मामंजींनी ह्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि त्यांना आत नेलं.

कपडे न्यायला हे घरी आले, मी बरोबर होते. मागच्या खोलीत गाद्या तशाच उभ्या होत्या. हे चपला काढून आत गेले, कॉम्प्युटर बंद करायला हात लावला आणि एकदम मागे घेतला. एरवी ह्या खोलीत पायात रबरी स्लिपर असायची, आज अनवाणी होते म्हणून हाताला झिणझिण्या आल्या.  ह्यांनी तडक मेन स्विच पाडला, पेचकस घेतला आणि भिंतीतला बोर्ड उघडला. आत अर्थची हिरवी वायर स्क्रूपाशी ओलीने कुजून तुटली होती. अर्थिंगच नाही, मग एसएमपीएसने जमिनीत सोडायची गळती जाणार कुठे? ती डब्यात फिरत होती आणि माइकमध्ये शिरत होती. दुकानात कुणीही आलं की हे पहिलं विचारतात, "अर्थिंग तपासलंत का?" काखेत कळसा, गावाला वळसा! 

ह्यांनी वायर सोलली, नवीन टोक काढलं, स्क्रू आवळला. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मेन चालू करून रेकॉर्डिंग लावलं, हेडफोन घातला. मला म्हणाले, "गेली." आणि जमिनीवर बसून गुडघ्यात डोकं घातलं. मी विचारलं, "त्यातलं एखादं एक-दोन-तीन तरी राहिलं असेल का?" मान हलली, नाही. जुन्या मोबाइलमध्ये शोधलं. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या गोंगाटात "अरे, तो दिवा लाव" एवढं सापडलं. ते हॉस्पिटलमधल्या बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, एवढ्यावर नाही हो होत.

मामंजी घरी आले, गळ्याला पांढरी पट्टी. रेकॉर्डिंग झालंच नाही, हे सासूबाईंना सांगायचं धाडस अजून कुणी केलं नव्हतं. पहिल्याच दुपारी ते सरळ मागच्या खोलीत गेले. कॉम्प्युटरकडे बोट केलं आणि ह्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, घूं कशामुळे होती? ह्यांनी एकदा भिंतीतल्या बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाले, "एसएमपीएस, अण्णा. एसएमपीएसच खराब निघाला."

मामंजी खुर्चीवर बसले. माइक चालू करायला खुणावलं. हेडफोन लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. त्यात काही नव्हतं, ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी त्यांनी डोळे उघडले आणि ह्यांच्याकडे बघून अंगठा वर केला. साऱ्या आयुष्यात मुलाच्या कामाला त्यांनी चांगलं म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. ह्यांना हुंदका आवरेना. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सासूबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या होत्या. "काय झालं? काय म्हणतायत हे?"

मी डोळे पुसले. म्हटलं, "काम चोख झालंय म्हणतायत."

"तू नको सांगूस गं," त्या म्हणाल्या. हात पुढे करून त्यांनी हवेतच मामंजींना शोधलं. "अहो, तुम्ही सांगा ना."