शेषेरावांनी चॅनलांना दिलेला मान

कंधारच्या एस.टी. स्टँडवर शेषेरावांनी अर्धा जन्म काढला. कंट्रोलरच्या खिडकीत बसायचं आणि कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवर पुकारायचं. रिटायर झाले, माईक सुटला, पण नंबर लावायची खोड काही सुटली नाही. घरातले मसाल्याचे डबेसुद्धा त्यांनी एकदा क्रमानं लावले. बायकोनं, कस्तुराबाईंनी, दुसऱ्याच दिवशी ते पुन्हा आपल्या सोयीनं मांडले.

लातूरच्या भाच्यानं, बालाजीनं, त्यांना एक जुना कम्प्युटर टीव्हीला जोडून दिला. डिशवरची चॅनलं त्यात दिसायची आणि सांगून ठेवलं की कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हायचा. शेषेरावांना नवं स्टँडच चालवायला मिळालं म्हणा ना.

आता या कम्प्युटरच्या गळ्यात मोठी जोखीम पडली होती. संक्रांतीच्या सुमाराला एका छोट्या भक्ती चॅनलनं कस्तुराबाईंच्या भजनी मंडळाचं शूटिंग केलं. मुख्य गळा कस्तुराबाईंचा. पुढच्याच महिन्यात त्यांच्या गळ्यातली गाठ काढावी लागली आणि आवाज बसला. बोलणं घोगरं झालं, गाणं तर बंदच. डॉक्टर म्हणाले, बोलणं सुधारेल, गाण्याचं सांगता येत नाही. घरात त्यांच्या गाण्याचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. रोज ओट्यापाशी गाणारं माणूस, त्याचं गाणं कोण भरून ठेवतंय! चॅनलवाले कार्यक्रम एकदाच दाखवून पुसून टाकणार होते आणि तोही नेमका पुतणीच्या लग्नादिवशी, सगळे बिलोलीला असताना. शेषेरावांनी रेकॉर्डिंग लावलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "निश्चिंत चला."

इथवर सगळं ठीक होतं. पण आदल्या संध्याकाळी बॅगा भरून झाल्या आणि रिकाम्या हातांना चैन पडेना. यादीतले नंबर कसेही पडलेले. एक नंबरला सिनेमाची गाणी, दोनला केसांचं तेल विकणारा माणूस, आणि देव बिचारा पार खाली बाराव्या जागी. बायकोला बटणं कमी दाबावी लागावीत म्हणून त्यांनी सगळ्यांना नवे नंबर दिले. लग्नपत्रिकेत नावं घालतात तसे! आधी देव, मग वडीलधाऱ्या बातम्या, मग मालिका, आणि रुसक्या पाहुण्यासारखं क्रिकेट मध्ये सांभाळून बसवलेलं. भक्ती चॅनल पहिल्या नंबरावर आलं, बाराव्यावर कुस्त्या गेल्या. कुणाचा मानपान राहिला नाही म्हणून शेषेराव समाधानानं झोपले.

सकाळी एस.टी.नं नायगाव सोडलं, कार्यक्रमाची वेळ झाली आणि त्यांना एकदम आठवलं. रेकॉर्डिंग तर बारा नंबरला लावलं होतं! फलाट बदलला की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मुखेडला निघालेली माणसं अहमदपूरला जाऊन उतरलेली त्यांनी पाहिली होती, वर त्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. मागच्या सीटवर जाऊन त्यांनी हळूच बालाजीला फोन लावला.

"बालाजी, लई घोळ झाला रे. नंबर बदलून बसलो मी. आता कुस्त्या भरून राहिल्या असतील तिथं."

"घाबरू नका, मामा. नंबर म्हंजी नुसती पाटी हाय. कम्प्युटर चॅनलला आतल्या खुणेनं वळखतो. नगरपालिकेनं घराचा नंबर बदलला म्हणून पोस्टमन तुमचं टपाल दुसऱ्याला देतो का?"

"मग भरलं असंल ना?"

"भरायला पाह्यजे," बालाजी म्हणाला.

'पाह्यजे' या शब्दावर माणसाला घास गिळवतो का? शेषेरावांनी अक्षता टाकल्या त्या नवरा-नवरीवर न पडता पुढच्या माणसाच्या टोपीवर पडल्या. पंगतीत जिलेबी तशीच राहिली. "तोंड का उतरलंय?" कस्तुराबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "ऊन लई हाय," ते म्हणाले. ज्या बाईचा आवाज आपण आपल्या हातानं घालवला, तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता त्यांनी कम्प्युटर चालू केला. आधी पडद्यावर अगरबत्तीची जाहिरात आली. मग टाळ वाजले, आणि जांभळ्या साडीतल्या कस्तुराबाई समोर दिसल्या. शेषेराव चपलांसकट खुर्चीत बसले.

"भरलं! अगं, भरलं!" ते ओरडले आणि रडायलाच लागले. रडत रडतच त्यांनी नंबरांचा सगळा पराक्रम बायकोला सांगून टाकला. एवढं हलकं त्यांना रिटायर झाल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"हाव, हाव. आता गप बसा, ऐकू द्या," कस्तुराबाई म्हणाल्या.

आवाज चढत गेला, खोली भरून गेली. मंडळाच्या भजनाला शेषेराव कधी गेलेच नव्हते. आधी ड्युटी होती, नंतर कंटाळा. बायको गाते एवढंच त्यांना माहीत. आज मात्र ते शेवटापर्यंत हलले नाहीत.

भजन संपलं. कस्तुराबाई पडद्याकडेच बघत होत्या. "एवढं बरं गात होते का मी?" त्या म्हणाल्या. "तुमी कधी म्हणले न्हाईत."

"न्हाई म्हणलो," शेषेराव म्हणाले. "आता म्हणतो. लई गोड गात होतीस."

कस्तुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. "मग परत लावा की," त्या म्हणाल्या.