मुंग्यांनी नेलेला अवयव

अंदमानाहून आणलेला तो काळा भुंगेरा नव्या प्रजातीचा आहे, याची मला खात्री होती. पण माझ्या खात्रीला कोण विचारतंय? जमिनीवर धावणाऱ्या या भुंगेऱ्यांची ओळख नराच्या जननेंद्रियावरून पटते, आणि नर मला एकच सापडला होता. तांदळाच्या कणीहून बारीक तो अवयव काढून मी कागदाच्या चिठोऱ्यावर डिंकानं चिकटवला होता. फक्त चित्र काढायचं राहिलं होतं. चित्राशिवाय प्रजाती कुणी मानणार नव्हतं आणि माझी पीएच.डी. त्याच प्रजातीवर उभी होती. बेटावर पुन्हा जायची परवानगी मिळणार नव्हती.

कडगंचीला विद्यापीठाच्या हॉस्टेलात पावसाळ्यात सगळ्याला बुरशी चढते. म्हणून भुंगेऱ्याची पेटी आणि विभागातला जुना सूक्ष्मदर्शक घेऊन मी नागपंचमीला हुलसूरला, घरी आले. आईचे नियम ठरलेले: पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, आणि माती तर मुळीच उकरायची नाही, मातीत नागोबा असतो. घरात भाजीसुद्धा चिरली नव्हती.

मी अंघोळीला गेले तेवढ्यात तिला पेटीत मुंग्या-किडे येऊ नयेत म्हणून ठेवलेल्या डांबरगोळ्यांचा वास आला. सणाला घरात असला वास नको म्हणून तिनं गोळ्या बाहेर फेकल्या आणि हवा लागावी म्हणून पेटी उघडी ठेवली. शेजारीच नागोबाच्या लाह्यांचं ताट होतं.

मी आले तोवर मुंग्यांची रांग लागली होती. भुंगेरा टाचणीवर शाबूत होता. चिठोरा कोरा होता.

"दुसरा आण की गं," आई म्हणाली.

"दुसरा न्हाई, आई. कुठंच न्हाई."

हातातोंडाशी आलेला घास मुंगीनं नेला होता. मुंगीला काय बोलणार, म्हणून मी आईला बोलले. तुझ्या नागोबानं माझं वाटोळं केलं, असंही म्हणाले. मग तिथंच जमिनीवर बसून रडले. आता गाइडला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आईनं चष्मा लावला. ती मुंग्यांच्या मागं वाकून चालत अंगणात गेली. भिंतीच्या बुडाशी मुंग्यांचं बीळ होतं.

"केवढं असतंय ते?"

"कणीहून बारीक."

तिनं भिंतीवर काढलेल्या नागोबाला हात जोडले, खुरपं घेतलं आणि बिळाची माती उकरायला लागली.

"आई, आज पंचमी हाय."

"ठावं हाय मला. तू चाळणी आण."