पडवीत सांगितलेलं

आमच्या डोंगरात नवरा मुंबईला असणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या निम्म्या घरांतले पुरुष गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या तरी पेढीवर. बायका इथे शेत राखायच्या, म्हाताऱ्यांचं करायच्या आणि शिमग्याची वाट बघायच्या. त्यामुळे कपाळभर कुंकू लावून मी भावाच्या घरी राहिले तरी कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. "मालक कुठं असतात?" "मुंबईस." संपलं. एवढ्या उत्तराखाली पुष्कळ काही झाकून जातं, आणि मी ते झाकून ठेवलं होतं.

झाकलेलं होतं ते असं. लग्नानंतर मी मुंबईला गेले होते. तिथे त्यानं माझा उजवा हात पिरगाळून मोडला, तो वाकडाच जुळला. पुढे एकदा पोटात लाथ घातली आणि पोटातलं मूल गेलं. शिमग्याला गावी आले ती परत गेलेच नाही. त्यानं एकदा निरोप धाडला, भावानं 'आजारी आहे' म्हणून कळवलं, आणि मग त्याला माझा विसर पडला. तिथे त्याची दुसरी सोय झाली होती. नवऱ्यानं आठवण काढावी म्हणून बायका नवस बोलतात. मी उलटा नवस बोलले असते, पण असल्या नवसाला पावणारा देव आमच्या बाजूला नाही.

भाऊ चांगला होता, पण चांगल्या भावालाही बायको असतेच. एके दिवशी औत सोडून आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. "गो, तू सातवीची फायनल परीक्षा पास हो. मास्तरीण झालीस तर कोण काय बोलणार नाय. नायतर कधी ना कधी तुला धाडायलाच लागंल. उद्या त्याचा पुन्हा निरोप आला तर आजारी हाय, आजारी हाय म्हणून मी तरी किती दिस सांगू?" आमचे वडील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी मला मुलग्यासारखं शाळेत घातलं होतं, त्यामुळे अक्षर वळणदार आणि वाचायची गोडी. तेव्हा माझ्यापुढे दोनच जागा होत्या, एक शाळा आणि दुसरी मुंबईतली ती खोली.

महाडात काही प्रतिष्ठित मंडळींनी मुलींसाठी नवी शाळा काढायचं मनावर घेतलं होतं. त्यांच्या कमिटीचे जे चिटणीस, त्यांच्या घरी आमचा भाऊ दरसाल तांदूळ घालायचा. चिटणीस साहेबांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. एकदा मी भावाबरोबर गेले असताना त्यांनी मला गुळाच्या पुडीचा कागद वाचताना पाहिलं, आणि तिथल्या तिथे ठरवलं की ही आपल्या शाळेची मास्तरीण. त्या काळी शहाणीसुरती माणसं स्त्रीशिक्षणावर भाषणं करत. काकू भाषण करत नसत, काम करत. मला त्यांनी मागीलदारची खोली दिली, पुस्तकं दिली, कंदील दिला. मी फायनल झाले ती त्यांच्या घरात राहून. हे मी आजही नाकारत नाही, आणि दुखतं ते तिथेच.

त्यांचं घर सोवळ्याचं. माझा वावर मागच्या पडवीपर्यंत. दुपारची जेवणं उरकली की काकू पडवीत येऊन बसायच्या, मध्ये तांदळाचं सूप. निवडता निवडता हात थांबवायच्या. "हा हात असा कशानं गं?" एवढ्या मायेनं आईच्या पाठीमागे मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. हाताचं सांगितलं, लाथेचं सांगितलं, गेलेल्या मुलाचं सांगितलं. जे सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. आमच्या गावकऱ्यांनी मुंबईत मिळून राहायला घेतलेला गाळा कुठल्या चाळीत, हेही त्यांनी असंच बोलता बोलता विचारलं आणि मी तेही सांगून मोकळी झाले. त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा मला ओलांडता येत नव्हता. माझ्या संसारात मात्र त्या थेट चुलीपर्यंत जाऊन आल्या.

मुलाखती त्यांच्याच ओसरीवर झाल्या. उमेदवार दोन. एक मी आणि दुसरा बिरवाडीकडचा एक तरुण मास्तर, फायनलला माझ्याहून बराच खाली. त्याला आधी बोलावलं. राहणार कुठे, जेवणाची सोय काय, मुलींना कविता चालीवर म्हणून दाखवता येतील का, एवढं विचारलं आणि सोडलं. त्याची बायको लग्नानंतर लगेच माहेरी गेली ती तिथेच राहिली होती. सगळ्या बाजारपेठेला ही गोष्ट ठाऊक होती. ओसरीवरच्या मंडळींनाही असणारच. पण बायको सोबत नसल्यामुळे माणसाला त्रैराशिक शिकवता येत नाही, असं कुणाला वाटलं नाही.

मग मला बोलावलं. मी त्रैराशिक, व्याकरण, नकाशा सगळं घोकून गेले होते. चिटणीस साहेब अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, "बाई, नवऱ्याकडे नांदत का नाही?" मग शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पुन्हा दिवस जाण्याचा काही संभव?" मग तिसरे, जे कमिटीतले सगळ्यात वयस्कर, त्यांनी मला हात वर करून दाखवायला सांगितलं. फळ्यावर लिहिता येईल की नाही ते बघायचं होतं म्हणे. फळा काही आणला नव्हता. मी तीन परक्या पुरुषांपुढे बाही सारून तो वाकडा हात वर धरून बसले. मग चिटणीस साहेबांनी सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, "आणि ते मूल कितव्या महिन्यात गेलं?"

अंगावर पाल पडावी तसं झालं. तरी मी सतरंजीकडे बघत उत्तर दिलं. नोकरी हवी होती ना! मास्तरच्या पोटावर कोणी प्रश्न विचारला नव्हता, माझ्या पोटावरून मात्र सगळी कमिटी हात फिरवून गेली.

आत गेले तर काकू माझी वाट बघत होत्या. माझ्या तोंडाकडे बघूनच म्हणाल्या, "मीच सांगितलं हो त्यांना. उद्या दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपल्या माणसानं आधी सांगितलेलं बरं. आता त्यांना तुझी दयाच येईल." मी विश्वास ठेवला. ज्या माणसानं आपल्याला कंदील दिला त्याच्यावर अविश्वास दाखवायला मोठी छाती लागते. मी गावी गेले आणि निकालाची वाट बघत राहिले. शिमगा आला. मुंबईकर आले, पालखी नाचली, मुंबईकर गेले. माझा आला नाही. दरवर्षीसारखा मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चैत्रात काकूंचा निरोप आला, हळदीकुंकवाला ये, चांगलं लुगडं नेसून ये. आणि पडवीत नव्हे, माजघरात बसायला ये. याचा अर्थ भावानं आणि मी एकच काढला. भावानं गूळ वाटला. वहिनीनं आपलं हिरवं लुगडं मला काढून दिलं. तिनं ते मनापासून दिलं हे मला आजही आठवतं.

माजघरात गौर मांडली होती. कैरीची डाळ होती, पन्हं होतं. बायकांच्या ओटीत भिजवलेले हरभरे पडत होते. माझ्यापुढे मात्र काकू तबक घेऊन आल्या, त्यात नारळ, तांदूळ, खण. कुंकू लावून त्यांनी माझी ओटी भरली, सगळ्यांच्या देखत. शाळेची पहिली मास्तरीण म्हणून हा मान, असं मला वाटलं. मला रडूच आलं. मग बायकांनी गिल्ला केला, नाव घे, नाव घे! ते नाव कित्येक वर्षांत माझ्या तोंडात आलं नव्हतं. पण आनंदात माणूस काय वाटेल ते करतं. दोन ओळी जुळवल्या आणि घेतलं नाव. बायका हसल्या. आणि बाहेर ओसरीवर कुणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी जत्रेत ओळखलं असतं. खोलीचं दार ढकलण्याआधी तो तसाच खाकरायचा, आणि मी हातातलं काम खाली ठेवून भिंतीला पाठ लावायची.

नारळ-तांदळाची ओटी भरून मुलीला सासरी लावून देतात. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! त्या दिवशी मला दुसराच अर्थ हवा होता. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला ओसरीच्या दारापर्यंत नेलं. तो कडेला बसला होता, अंगात कोट, टोपी गुडघ्यावर. चिटणीस साहेब लग्न जमवलेल्या माणसासारखे प्रसन्न होते. "आमचा माणूस गाळ्यावर धाडला, दोन समजुतीचे शब्द सांगितले. कबूल झालेत."

"माझी काय तक्रार नाय साहेब," तो म्हणाला. "नीट ऱ्हायली तर नेतो मी." मग माझ्याकडे न बघता, "चल गो, मोटर सुटंल. आधीच खाडा पडलाय."

मी चिटणीस साहेबांना विचारलं, "आणि शाळेचं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "शाळेचं काय? अहो, नवरा न्यायला आला ना? मग आता नोकरी कशाला हवी?"

मी काकूंकडे वळले. "काकू, तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणून तर केलं," त्या म्हणाल्या. "एकटीनं जन्म कसा काढशील गं? पुरुषाच्या हातून होतं कधीकधी तसं." आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. ढोंग असतं तर मला फार सोपं गेलं असतं.

भरलेली ओटी कुणी परत करत नाही. मी केली. पदर सोडला आणि सगळं त्यांच्या अंगावर रिकामं केलं. नारळ खाली पडू नये म्हणून काकूंनी आपोआप पदर पुढे केला. तांदूळ मात्र उंबऱ्याच्या आतबाहेर झाले. मी त्या तांदळांवर पाय देऊनच बाहेर पडले.

तो शिव्या देत बाजारपेठेच्या टोकापर्यंत मागे आला. भर पेठेत हात उचलायला धजला नाही. मुंबईच्या बोटीसाठी धरमतरला जाणारी मोटर सुटायची वेळ झाली होती आणि आणखी खाडा केला असता तर गिरणीतून काढलं असतं. त्या गिरणीचे माझ्यावर तेवढेच उपकार. मी पोलादपूरची वाट धरली. हिरव्या लुगड्यातच चालत घरी पोचले. भावानं काही विचारलं नाही. दार उघडं ठेवलं, आणि ते त्यानं पुढेही कधी लावलं नाही. वहिनी मात्र गूळ वाटलेल्या घरांसमोरून बरेच दिवस तोंड चुकवून गेली.

नोकरी त्या तरुण मास्तरला मिळाली. महाडात बोललं गेलं की काकूंनी त्या बाईसाठी जिवाचं रान केलं आणि तिनं असे पांग फेडले. माझा राग चिटणीस साहेबांवर फारसा नाही. तो माणूस कमिटीचा होता, कमिटीसारखा वागला. काकूंना मी माझं मानलं होतं. मारणाऱ्यानं मला कधी फसवलं नाही, मारणार तेव्हा खाकरून आला. फसवलं ते डोळ्यांना पदर लावणाऱ्या बाईनं.

पुढे पोलादपुरात मुलींचा एक वर्ग निघणार असं कानावर आलं. मी पुन्हा अर्ज केला. हे माझ्या माहेराजवळचं गाव, महाड मागे राहिलं, असं धरून चालले होते. या खेपेला मनाशी पक्कं केलं होतं, 'नवरा मुंबईस' म्हणायचं आणि तोंड मिटायचं. ज्या गृहस्थांकडे बोलावलं होतं ते वयानं मोठे, आवाज मऊ. बसा म्हणाले, पाणी मागवलं. माझा दाखला त्यांनी हातातही घेतला नाही. थोडे पुढे वाकले आणि अगदी मायेनं, हळू आवाजात विचारलं, "बाई, ते मूल गेलं तुमचं, ते नक्की लाथेनंच गेलं का?"

पोलादपुरात हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.