वाहनतळाचा चौकोन
मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचा वास आला की धबधब्याजवळच्या त्या गावातली सभा आठवते. पर्यटक वाढले म्हणून आमच्या नगररचना कार्यालयाला गावाचा नवा आराखडा करायचा होता. कागदावरचा नकाशा लोकांना कळेना, तेव्हा आम्ही तो शाळेच्या मैदानावर फक्कीने आखला. माणसं चपला काढून त्यावर फिरली, आपापली घरं शोधत हसली. पण वाहनतळाच्या चौकोनात कुणीच पाय ठेवेना. ‘जागा मोकळीच आहे ना?’ मी विचारलं. एक म्हातारी हळूच म्हणाली, ‘न्हाई साहेब. दात यायच्या आधी गेलेली लेकरं तिथं पुरलीत.’ लेखी हरकत कुणाचीच आली नाही, वाहनतळ झाला. परवा सुट्टीच्या गर्दीत पुन्हा गेलो. गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, वाहनतळ मात्र रिकामा. बाहेरगावच्या एका ड्रायव्हरला कारण विचारलं. माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत तो म्हणाला, ‘तिथं कशी लावू? लेकरं खेळून राहिलीत की!’