शांततेचा मुचलका

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो आणि आमचे हे परळच्या एका गिरणीत साच्यांवर कापड विणायचे. खात्यातल्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, आईवरून शिवी दिली म्हणून यांनी त्याच्या डोक्यात काठी घातली. पहिलाच गुन्हा, म्हणून कोर्टाने शिक्षा न देता वर्षभर शांततेने वागण्याचा मुचलका लिहून घेतला आणि सोडून दिलं. देखरेखीला नेमलेले अधिकारी अधूनमधून घरी येत, चहा घेत आणि मला विचारत, "नीट वागतात ना?" वागत होतेच.

मग मोर्चा निघाला आणि हे गेले. चिंचपोकळीच्या पुलाजवळ कुणीतरी दगड मारला. पोलिसांनी हाताला लागले तेवढे धरले, त्यात हेही. मुचलका मोडला म्हणून मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्या जुन्याच गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची सजा सुनावली.

चाळीतले मास्तर मला गिरगावातल्या एका वकिलांकडे घेऊन गेले. वकिलांनी वरच्या कोर्टात अपील दाखल केलं, यांना जामिनावर सोडवलं आणि समोर बसवून म्हणाले, "भाजी आणायला निघालो होतो, गर्दीत सापडलो, असं लिहून दिलंत तर सोपं जाईल."

"मोर्चाक गेललंय ता गेललंय," हे म्हणाले. "खोटा कित्याक सांगू? दगड मात्र मी मारूक नाय."

मला वाटलं, आता वकील आम्हाला उठा म्हणणार. पण ते मुचलका पुन्हा वाचत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शांतता राखीन, एवढंच आहे यात. मोर्च्याला जाणार नाही असं कुठे लिहिलंय?"

कोर्टातही ते हेच बोलले. जज्जांनी सरकारी वकिलांना विचारलं, "याने दगड मारताना कोणी पाहिलं?" कोणीच पाहिलं नव्हतं. देखरेखीच्या अधिकाऱ्यांनीही यांच्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं. सजा रद्द झाली. मुचलका मात्र उरलेल्या मुदतीपुरता कायम राहिला.

"आता मुदत संपेपर्यंत घरी बसा," वकिलांनी बजावलं.

पुढच्या मोर्च्याच्या दिवशी हे सकाळपासून खिडकीत उभे. मी लुगडं खोचलं, चपला घातल्या.

"खंय गो?"

"मोर्च्याला. मुचलका तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही."

हे हसले आणि त्यांनी धाकटीला कडेवर घेतलं. संध्याकाळी मी घसा बसवून परत आले, तर यांनी बांगड्याचं तिखलं करून ठेवलं होतं. मीठ जरा जास्त पडलं होतं, पण आम्ही भांडं पुसून खाल्लं.