काचेच्या कपाटातली पुस्तकं
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला गोंदियाजवळच्या गोरेगावच्या वाचनालयातलं काचेचं कपाट आठवतं. तिथे मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे. त्या वर्षी ते कपाट अचानक नव्या पुस्तकांनी भरलं: चित्रांतून सांगितलेल्या कादंबऱ्या, मागून पुढे वाचायची जपानी कॉमिक्स, ताज्या प्रेमकथा. वाचनालयाच्या अध्यक्षांनी बजावलं, "सरकारी अनुदानाची तपासणी होईपर्यंत कोणालाच द्यायचं नाही." मी दुपारी एकेक काढून वाचायचे आणि कॉलेज सुटल्यावर एसटीची वाट बघत आमच्याकडे बसणाऱ्या एका मुलीला रंगवून सांगायचे, शेवट तेवढा राखून. ती काचेला नाक लावून मुखपृष्ठं बघायची. "मॅडम, हे पयले मले द्याजा," म्हणायची. तपासणीचे साहेब आले, कपाट पाहून, चहा-समोसा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती पुस्तकाला कव्हर घालायला जुन्या कॅलेंडरचा कागद घेऊन आली, तर गोंदियाच्या दुकानदाराचा माणूस सगळी पुस्तकं खोक्यात भरत होता. "मॅडम, पन्ना मत मोड़ना, माल वापस जाना है," तो मला म्हणाला. पुस्तकं तपासणीपुरतीच मागवली होती. मुलगी रिकाम्या कपाटाकडे बघत राहिली. "द्याचेच नव्हते त इतकं सांगतलं कायले?" म्हणाली आणि गेली. पुढे ती एसटीची वाट उन्हात, स्टँडवरच उभी राहून बघायची. परवा त्याच अध्यक्षांचा सत्कार झाला. त्यांना पांघरलेली शाल कुठल्याशा कपाटातूनच काढलेली असावी, तोच वास येत होता. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "आजकालच्या पोरींना वाचायची गोडीच नाही."