तालुक्याहून आणलेला तराजू

आपली नोकरी सरकारच्या तिजोरीला टांगलेली आहे, हे मला नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर कळलं. पूर्णगडच्या खाडीनं वर गेलं की आमचं गाव. मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी तिथे हौसेनं इंग्रजी शाळा काढली होती. घर त्यांच्यापैकीच एकाचं, बाकं गावच्या सुतारानं केलेली, आणि आम्हा मास्तरांचे पगार सरकारी ग्रँटवर. सन तीस उलटलं, मंदी आली आणि सरकारनं हात आखडता घेतला. पत्र आलं की इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येतील, आणि वरच्या वर्गांना शास्त्र शिकवण्याची सोय नसेल, तर त्या वर्गांची ग्रँट बंद.

शास्त्र मी शिकवत असे. वरचे वर्ग बंद म्हणजे मी बंद. मग चंबूगबाळं उचलून मुंबईला मेव्हण्याच्या खोलीत पथारी टाकायची आणि कुठेतरी कारकुनी शोधायची. शिकवण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मेव्हण्याचं आणि माझं दोन दिवसांपलीकडे पटत नसे.

शास्त्राचं सामान म्हणावं तर आमच्याकडे एक लोहचुंबक, चार परीक्षानळ्या आणि मी केलेला तराजू. काठीला सुतळीनं दोन करवंट्या टांगलेल्या, एवढाच तो तराजू. हेडमास्तरांनी त्याच्याकडे पाहून कपाळाला हात लावला. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." तालुक्याच्या शाळेत त्यांची ओळख होती. तिथून काचेच्या पेटीतला पितळी तराजू होडीनं आणवला. माझ्या करवंट्या पडवीत रचलेल्या लाकडांमागे गेल्या. साहेब परत जाईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, असा आम्हा सगळ्यांना दम मिळाला.

त्यात इन्स्पेक्शनची तारीख नेमकी शिमग्यातली निघाली. होळीनंतर आमच्याकडे गावदेवीची पालखी घरोघर फिरते, आणि त्याच दिवशी ती आमच्या वाडीत यायची होती. पालखीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे होता. पालखी जरा उशिरा आणा, अशी विनंती करायला हेडमास्तर स्वतः त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "पालखी देवीची, वेळ बी तिचीच. मी कोन?"

साहेब देशावरचे. लांब कोट, पगडी, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. त्यांनी वरच्या वर्गातल्या एका मुलाला तराजूवर वजन करून दाखवायला सांगितलं. मुलानं आयुष्यात ती काचेची पेटी पाहिली नव्हती. तो तिचं दार वरून उघडायला गेला, मग बाजूनं. तेवढ्यात ढोल वाजले आणि पालखी अंगणात शिरली.

साहेब बाहेर आले, पायातले जोडे काढून उभे राहिले. म्हाताऱ्यानं हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरात जी साळा भरतेय, तिच्यावर तुझी नजर असू दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

"साळंत वजनाचा काटा नाय. आज जो मांडलाय तो तालुक्याहून मागून आणलेला हाय. मास्तरान् करवंट्यांचा काटा करून पोरांना शिकवलान्, तो लाजंपोटी लाकडांमागं ठेवलाय. लेकरांचं काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल, पन साळा बंद पडू देऊ नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते त्या दिवशी मला अक्षरशः वाटलं. हेडमास्तर पालखीकडे बघत होते, मी हेडमास्तरांकडे.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "काढा तो तराजू."

मी लाकडं उपसून करवंट्या आणल्या. मघाचा मुलगा पुढे झाला, काठी बोटावर तोलून धरलीन् आणि पाच मिनिटांत वजन सांगितलंन्. साहेबांनी मान डोलावली.

"आतला तो पितळी तराजू मला या दौऱ्यात दुसऱ्यांदा भेटतोय," ते म्हणाले. "पारड्याला पोचा आहे, म्हणून ओळखला." मग हेडमास्तरांना म्हणाले, "अहो, सामान आहे असं दाखवलंत, तर सामानासाठी सरकार पैसे कशाला देईल? नाही म्हणा, म्हणजे मला मागता येईल. शिकवणारा आहे, हे मी पाहिलं."

महिन्याभरानं पत्र आलं. वरच्या वर्गांची ग्रँट चालू, थोडी कापलेली. सामानासाठी वेगळी मंजुरी. हेडमास्तरांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि पायरीवरच बसकण मारली. माझाही जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला पुढे मुलगी सुखरूप बाळंत झाली तेव्हाच वाटलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणालो, "पण त्या म्हाताऱ्याला हे सांगितलं कुणी, ते काही अजून कळलं नाही."

"मी," ती म्हणाली. "पालखीच्या आदल्या दिवशी विहिरीपाशी भेटले. शाळेसाठी देवीपाशी काय मागू, म्हणून विचारत होते. तुमच्याकडून कळलं होतं तेच सांगितलं. देवीला खोटं कसं सांगायचं?"

मी तापलोच. "अगं, उलटं झालं असतं तर? मुंबईला जावं लागलं असतं!"

तिनं सूप खाली ठेवलं.

"मला नव्हतं जायचं मुंबईला," ती म्हणाली. "तुम्ही एकदा तरी मला विचारलंत?"